फिंतासहून कामिकोची, मार्गे जहरा

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी सव्वासातला आम्ही दोघं कुवेतच्या फिंतास भागातल्या आमच्या इमारतीखाली उभे होतो. पाठीवर सॅक, पायात नवे बूट, डोक्यावर टोप्या. आणि बसथांबा कुठे आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं याच इमारतीत राहतोय. लिफ्टने खाली यायचं, गाडीत बसायचं, एसी लावायचा की निघालो. बस म्हणजे आपल्या पुढे आली की चिडायची वस्तू. तिच्यात बसायचंही असतं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शेवटी हारिसला (इमारतीचा रखवालदार) विचारलं. हा इजिप्तचा, आमच्याइतकाच जुना. त्याने आधी आमच्या गाडीकडे पाहिलं. ती जागेवर होती. मग आमच्या सॅककडे पाहिलं, मग यांच्या चेहऱ्याकडे, आणि छातीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, 'अल्ला करीम' (देव दयाळू आहे). मग त्याने बोट दाखवलं. आम्ही रोज गाडी लावतो त्याच्या बरोब्बर समोर तो खांब होता. त्याला टेकवून मी कितीतरी वेळा भाजीच्या पिशव्या ठेवल्या असतील.

कुठे निघाला होतात म्हणाल, तर जपानला. म्हणजे जपानच्या तालमीला.

आता हे नीट सांगायला हवं. माझे यजमान सुधीर. तोंडावर मी 'अहो' म्हणते, पण लिहिताना सुधीर लिहिते, कारण लिहिलेलं ते वाचत नाहीत. ते इथल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात शटडाऊन प्लॅनर आहेत. कारखाना दर काही वर्षांनी दुरुस्तीसाठी बंद करतात, तेव्हा कुठला नट किती वाजता, कोणी सोडायचा याचा तक्ता करणारा माणूस. त्या कामात आधी सगळ्याची कोरडी तालीम घेतात, आणि परमिटवर सह्या झाल्याशिवाय पान्यालासुद्धा हात लावत नाहीत. कारखान्यात हे फार चांगलं. घरात माणसाला वेड लागतं. मुलीच्या लग्नात यांनी पाठवणीची तालीम घेतली होती आणि तक्त्यात रडायला सात मिनिटं ठेवली होती. मला अकरा लागली, तर पुढचं सगळं सरकलं म्हणून दोन दिवस कुरकुरत होते.

तर तीन वर्षांपूर्वी यांना एका जपानी पंपवाल्यांनी कॅलेंडर दिलं. त्यात एक चित्र होतं. काचेसारखी नदी, तिच्यावर लाकडी पूल, आणि मागे डोंगर. डोंगर म्हणजे काय डोंगर हो! मी नाशिकची. लहानपणी दार उघडलं की समोर डोंगरच दिसायचे, ते सोडून या पोळपाटासारख्या सपाट देशात आले. मी चित्राखालचं नाव वाचलं. जागेचं नाव कामिकोची, डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान. शोधून शोधून वाचलं, तर कळलं की तिथे खाजगी गाडी नेताच येत नाही. टोकियोहून मोठ्या रेल्वेने मात्सुमोतो, तिथून छोट्या रेल्वेने शिन-शिमाशिमा नावाचं स्टेशन, आणि तिथून बस. मला हे इतकं आवडलं की मी त्याच रात्री म्हटलं, जायचं.

तेव्हापासून आज-उद्या चाललं होतं. पहिल्या वर्षी शटडाऊन होता. दुसऱ्या वर्षी म्हणाले, तिथल्या गाड्या फार वेळेवर असतात, आपण धावू शकणार नाही. तिसऱ्या वर्षी काही कारणच सांगितलं नाही, नुसते अझरबैजानच्या बाकूचं पॅकेज घेऊन आले. बाकूला आम्ही दोनदा जाऊन आलोय. हॉटेलच्या दारातून बस, बसमधून किल्ला, किल्ल्यातून परत हॉटेलचं दार. या वर्षी मी हट्टच धरला. माझा एक गुडघा आता बोलायला लागलाय, दुसरा ऐकतोय, अजून किती थांबायचं? माझ्या धोशापुढे त्यांनी जपानचा व्हिसा काढला. तो तीन महिन्यांत वापरला नाही तर गेला. तरी तिकिटं काढेनात. शेवटी म्हणाले, आधी तालीम. गाडीशिवाय एक दिवस, इथेच. तालीम पास झाली तर रविवारी तिकिटं. नापास झाली तर बाकू.

इतकं साधं होतं. माझं जपान त्या एका शनिवारावर टांगलेलं होतं.

तालमीसाठी डोंगर हवा. कुवेतमध्ये तो एकच आहे, उत्तरेला, मुतला. डोंगर म्हणणं म्हणजे मनाचा मोठेपणा. आमच्या पांडवलेण्यांची टेकडीसुद्धा त्याच्याकडे बघून हसेल. पण कुवेती माणूस त्याला अभिमानाने जबल (डोंगर) म्हणतो. सुधीरनी तक्ता केला. फिंतास म्हणजे टोकियो. शहरातलं मिरगाबचं बसस्थानक म्हणजे मात्सुमोतो. जहरा हे गाव म्हणजे शिन-शिमाशिमा. आणि मुतला म्हणजे कामिकोची. तक्त्याला प्लॅस्टिक चढवलं होतं. नियम असे की दुपारी एकच्या आत मुतल्यावर पाय, तोही फक्त सार्वजनिक वाहनाने. टॅक्सी नाही, कोणाची लिफ्ट नाही. जपानमध्ये वाहनात फोनवर बोलत नाहीत, म्हणून फोन नाही. आणि जपानमध्ये आपली भाषा कोणाला कळणार नाही, म्हणून बोलून विचारायचं नाही, फक्त खुणा. मी म्हटलं, अहो, हारिसला आत्ताच तुम्ही विचारलंत. तर ते तालीम सुरू व्हायच्या आधीचं होतं म्हणे.

खांबाजवळ उभे होतो तेवढ्यात आमच्या मराठी मंडळातल्या शिल्पावहिनींची गाडी करकचून थांबली. काच खाली. गाडी बंद पडली का, कुठे सोडू, अहो बसा ना. सुधीर बोलले नाहीत. तालीम सुरू झाली होती. त्यांनी दोन्ही हात मांडीला लावले आणि कमरेतून वाकून जपानी नमस्कार केला. शिल्पावहिनींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या माझ्याकडे वळल्या, तर मीही वाकले. काय करणार, तिकिटाचा प्रश्न होता. काच वर गेली आणि गाडी हळूहळू निघून गेली.

इथल्या लोकांना कळेल, पण तुम्हाला सांगते. कुवेतमध्ये इंजिनियर माणूस बसथांब्यावर दिसला तर त्याचा एकच अर्थ होतो. नोकरी गेली. आणि नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला, व्हिसा गेला म्हणजे माणूस कायमचा गावी निघाला, आणि निघाला म्हणजे घरातलं सामान स्वस्तात विकणार. इथे अर्ध्या लोकांचे सोफे हे असे कोणाच्या तरी जाण्याचे आहेत. आमचं जेवणाचं टेबलसुद्धा एका नागपूरच्या साहेबांच्या जाण्याचं आहे. म्हणून मला पुढचं दिसायला लागलं होतं, पण बोलायला बंदी.

बस आली. पुढच्या जागा बायकांच्या, तेव्हा मी पुढे, दोन फिलिपिनो मुलींच्या शेजारी, आणि सुधीर सॅकसकट पार मागे. तक्त्यात आम्ही शेजारी बसणार होतो. आता एकमेकांशी बोलायचं तर खुणांनीच. ते मागून हाताने विचारायचे, ठीक? मी वळून अंगठा दाखवायचे. ते पाणी प्यायची खूण करायचे. मी मान हलवायचे. दोन-तीन थांबे असं चाललं. मग एका तेलुगू भाऊंनी उठून यांना बायकांच्या लगेच मागची जागा दिली, आणि ड्रायव्हरला जाऊन हळूच सांगितलं की हे नवराबायको मुके आहेत, बघून उतरव. ड्रायव्हर बांगलादेशी, फार भला माणूस. त्याने आरशातून आमच्याकडे पाहून छातीला हात लावला. पुढच्या प्रत्येक थांब्याला तो वळून बोटाने 'नाही, अजून नाही' असं दाखवत होता. मला लाजेने मेल्यासारखं झालं. सुधीर मात्र खुशीत होते. खुणांचा नियम अपेक्षेपेक्षा चांगला चालला होता.

बस शहराकडे जाण्याऐवजी मध्येच डावीकडे वळली तेव्हा मी यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तक्ता पाहिला. तक्त्यात डावं वळण नव्हतं. मी डोळ्यांनी विचारलं, विचारू का? त्यांनी बोट हलवलं. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चौथ्यांदा मला राहवलं नाही. मंडळातल्याच एक बाई होत्या. आवाजात काळजी काठोकाठ. म्हणाल्या, आम्हाला आत्ताच कळलं हो, धीर सोडू नका, देव एक दार बंद करतो तेव्हा दुसरं उघडतो. आणि मग, तुमचा तो डीप फ्रीजर द्यायचा असेल तर दुसऱ्या कोणाला सांगायच्या आधी मला सांगा.

"अहो, आमची नोकरी शाबूत आहे! आम्ही फिरायला निघालोय!" मी ओरडले.

तेलुगू भाऊ आ वासून माझ्याकडे बघत राहिले. ड्रायव्हरने ब्रेकच लावला. आणि पलीकडून त्या बाई अगदी मायेने म्हणाल्या, हो हो, कळतं मला, असंच सांगायचं असतं.

खैतानला आम्ही उतरलो. म्हणजे उतरावंच लागलं, बसमध्ये तोंड दाखवायला जागा नव्हती. खैतानच्या त्या गर्दीत, मोबाइलच्या आणि खुबूसच्या (इथली गोल रोटी) दुकानांमध्ये, एका मल्याळी हॉटेलबाहेर उभ्या उभ्या आम्ही चहा घेतला आणि मी आणलेले धपाटे खाल्ले. बसमध्ये बोलल्याबद्दल सुधीर मला रागावले नाहीत. पेन काढून त्यांनी तक्त्यावर मिरगाब खोडलं आणि खैतान लिहिलं. मात्सुमोतो हलवलं, म्हणाले. दहा वाजून गेले होते. मी चहावाल्याला सरळ हिंदीत विचारलं, जहऱ्याची बस कुठून? त्याने समोर बोट केलं. सुधीरनी ऐकलं न ऐकलंसं केलं. मला तेव्हा वाटलं, चला, माणूस वितळतोय.

खैतानहून जहरा हा प्रवास छान झाला, खोटं कशाला बोलू? खिडकीतून ऊन येत होतं, फेब्रुवारीचं कोवळं. थंडीत चार थेंब पडले होते, तर रस्त्याकडेच्या वाळूवर हिरवी लव आली होती. आमच्याकडे तिला गवतसुद्धा कोणी म्हणणार नाही, इथे लोक गाड्या थांबवून तिचे फोटो काढतात. माझ्या शेजारी एक श्रीलंकेची बाई होती, तिने मला संत्र्याच्या फोडी दिल्या. मी तिला धपाटा दिला. ती कुठल्या घरात कामाला आहे, तिची मुलं किती, सगळं सांगून झालं. इतकी वर्षं ज्या रस्त्यावरून काच लावून गेले, तिथे एवढी माणसं राहतात हे मला बसमध्ये कळलं. सव्वाअकराला जहऱ्यात उतरलो. पाऊण तासाचं अंतर राहिलं असेल, तेही फार धरलं तर. मी मनात सूटकेस भरायला घेतली होती.

आणि मुतल्याला बस नव्हती.

निदान त्या थांब्यावर तरी ती कोणाला माहीत नव्हती. पाकिस्तानी किराणावाल्याला विचारलं, नाही. बसच्या दोन ड्रायव्हरांना विचारलं, नाही. एका कुवेती पोलिसाने तर विचारलं, मुतल्याला तंबू टाकायला लोक जीप घेऊन जातात, तुम्ही बसने कशाला जाता? सुधीर शांत होते. खांबाला पाठ लावून, सॅक पुढे घेऊन उभे. इंटरनेटवर एका ठिकाणी आहे असं लिहिलंय, म्हणाले, येईल. पावणेबारा झाले. बारा वाजले. टॅक्सीवाले चार वेळा येऊन थांबले आणि चार वेळा यांनी वाकून नमस्कार केला. माझा फोन वाजतच होता. आता सोफा, वॉशिंग मशीन आणि गणपतीच्या मखरापर्यंत मागण्या गेल्या होत्या.

बारा वाजून दहा मिनिटांनी एक पांढरी जुनाट बस किराणा दुकानासमोर थांबली. खिडक्यांना जाळ्या, आत निळ्या गणवेशातली माणसं. पाण्याच्या बाटल्या घ्यायला उतरलेल्यांपैकी एक जण आमच्याकडे बघत बघत जवळ आला. दत्ताराम. मालवणकडचा. यांच्या कारखान्यात गेल्या शटडाऊनला पहाड (उंचावर काम करायची परांची) बांधायच्या टोळीत होता. त्याच्या परमिटवर सुधीर रोज सही करायचे. मुतल्याच्या पायथ्याशी नवी वसाहत उठतेय, तिथे तो आता कामाला होता, दुपारच्या पाळीची माणसं घेऊन गाडी तिकडेच निघाली होती. आमची हकिगत ऐकून तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "गाडी थंयच जाता. बसा, वैनी. कड्याच्या वळणावर सोडतो."

मी सॅक उचलली. सुधीर हलले नाहीत. म्हणाले, ही कंपनीची गाडी आहे. सार्वजनिक वाहन नाही.

"सायबानू," दत्ताराम म्हणाला, "चाळीस माणसा बसतत. आणखी किती सार्वजनिक व्हया?"

सुधीर म्हणाले, नियम म्हणजे नियम. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी समजुतीने म्हणाले की बघ, आपण प्रयत्न केला, नाही जमलं तर नाही.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात बाईला नवऱ्याचं तोंड वाचता येतं. त्यांना वाईट वाटलेलं नव्हतं. ते सुटले होते. सकाळपासून कधी नव्हे ते खांदे खाली आले होते. माझ्या एकदम लक्षात आलं की मुतल्याला बस नाही हे या माणसाला, जो नट कोण सोडणार हे तीन महिने आधी लिहून ठेवतो, त्याला नक्की माहीत असणार. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

"तुम्हाला पोचायचंच नव्हतं," मी म्हटलं.

मी बसमध्ये चढले. चाळीस पुरुषांच्या त्या गाडीत पहिली जागा ताबडतोब रिकामी झाली, कोणीतरी ती रुमालाने पुसली. दत्ताराम पायरीवर घुटमळला, सायबांका राग इलो काय म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, आला असेल तर येऊ दे, तू चल. गाडी निघाली. मागच्या काचेतून सुधीर खांबाशेजारी दिसत होते, हातात प्लॅस्टिकचा तक्ता, आणि बघता बघता बारीक झाले.

पाऊणला मी मुतल्यावर होते. वळणावर उतरून वाळूमिश्रित दगडांतून चढले, गुडघ्याला दोन शिव्या घातल्या आणि वर पोचले. वर काय होतं? मोबाइलचे मनोरे होते. तंबूच तंबू होते, गालिचे आणि जनरेटर आणि टीव्हीसकट. चारचाकी फटफट्यांवरून पोरं धूळ उडवत होती. एका काटेरी झुडपाला इतक्या प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या की ते फुललंय असं लांबून वाटलं. पण कड्याच्या टोकाला गेले आणि खाली पाहिलं, तर दूरवर कुवेतचा उपसागर दिसला, निळा, आणि त्याच्या पलीकडे धुरकट शहर. सव्वीस वर्षांत मी हा देश वरून पाहिला नव्हता. वारा सुटला होता. मी तिथेच दगडावर बसून रडले. सांगून टाकते, रडले.

जवळच्या तंबूतून एक म्हातारा कुवेती चहाचा ग्लास घेऊन आला. जुन्या पिढीतला, वडील मुंबईशी खजुराचा व्यापार करायचे, त्यामुळे त्याला मोडकं हिंदी येत होतं. ग्लास हातात देऊन त्याने विचारलं, तेरा आदमी किदर?

"जहरा में. बस की राह देख रहा है."

"मुतला को बस नहीं है," तो गंभीरपणे म्हणाला.

"उसको मालूम है," मी म्हटलं.

त्याने थोडा विचार केला, मग आत जाऊन खजुराची बशी आणली आणि तीही माझ्यासमोर ठेवली. त्यापुढे काही विचारलं नाही. मी चहा संपवला, फोन काढला आणि टोकियोचं तिकीट शोधलं. एप्रिलच्या शेवटी, कामिकोची थंडीची झोप संपवून उघडल्यावर. नाव, पासपोर्ट, सगळं माझं मी भरलं. प्रवासी एक. पैसे भरायचं बटण दाबलं आणि मग कपाळावर हात मारला. कार्ड आमचं दोघांचं असलं तरी बँकेचा ओटीपी यांच्या फोनवर जातो.

फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"तुमच्या फोनवर आकडा आला असेल," मी म्हटलं. "तो सांगा."

"किती तिकिटं?" त्यांनी विचारलं.

"एक."

स्क्रीनवर सेकंद उलटे चालले होते. मला वाटलं, आता म्हणतील घरी बोलू. आता म्हणतील नेटवर्क नाही. सत्तावीस उरले, वीस उरले. आणि मग त्यांनी आकडे सांगायला सुरुवात केली. एक एक, सावकाश, कारखान्यात वायरलेसवर सांगतात तसे, प्रत्येक आकडा दोनदा. सहावा आकडा सांगून झाल्यावर म्हणाले, मिळाला? मी म्हटलं, मिळाला. त्यांनी फोन ठेवला. तिकीट झालं. मला आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण त्यात दाताखाली कचकन खडा लागल्यासारखं होत होतं.

दत्तारामने सांगून ठेवल्याप्रमाणे गाडी माणसं उतरवून साडेतीनला परतताना वळणावर मला घ्यायला थांबली. रिकाम्या बसमध्ये मी एकटी बसून जहऱ्यात आले. सुधीर तिथेच होते. किराणावाल्याने त्यांना प्लॅस्टिकची खुर्ची दिली होती, वर छत्रीसुद्धा बांधून दिली होती. मला बघून उठले आणि पाण्याची बाटली पुढे केली. झाकण आधीच उघडून ठेवलेलं. कसं होतं, विचारलं. मी म्हटलं, उंच होतं. एवढंच बोलणं झालं.

आम्ही खैतानची बस धरली. तिथे बस बदलायची होती. खैतानच्या थांब्यावर, संध्याकाळच्या गर्दीत उभं असताना, समोर बघत सुधीर बोलले. इतक्या हळू की मला कान द्यावा लागला.

"मला तिथे एक अक्षर वाचता येणार नाही, मेधा. गाडी नाही, रस्ता माहीत नाही. तू माझ्या भरवशावर मागून येशील, आणि मला काहीच माहीत नसेल. बाकूला निदान तो झेंडा घेतलेला माणूस पुढे असतो."

या माणसाला मी उंच मनोऱ्यावर शिडीने चढताना पाहिलंय. वायुगळती झाली तेव्हा सगळे बाहेर पळत असताना हा आत गेला, हे कारखान्यातल्यांकडून ऐकलंय. आणि हा शिन-शिमाशिमाला घाबरत होता. तीन वर्षं घाबरत होता, आणि मला शटडाऊन सांगत होता. हसू आलं, आणि वाईटही वाटलं. पण राग उतरला होता असं नाही. म्हटलं, तुमच्या भरवशावर कोण येणार होतं? सकाळी खैतानला चहावाल्याला कोणी विचारलं? जहऱ्याच्या बसमध्ये कोणी बसवलं? मुतल्यावर कोण चढलं? त्यांनी मान हलवली. सगळ्याला हो म्हणाले. मग बस आली आणि नेहमीप्रमाणे मी पुढे, ते मागे.

परतीच्या त्या बसमध्ये बाहेर दिवे लागत होते आणि मी विचार करत होते. प्रवासाला नकाशा लागतो, वेळ लागते, गुडघे लागतात, हे सगळं खरं. पण त्याहून जास्त लागतं ते समोरच्या अनोळखी माणसाला 'मला माहीत नाही, तुम्ही सांगा' असं म्हणता येणं. आमच्या ह्यांना घरात, कारखान्यात, मंडळात सगळे विचारायला येतात. त्यांना स्वतः कोणाला विचारायची सवयच राहिली नाही. सव्वीस वर्षं काचेच्या आत बसलं की असं होतं. मलाही झालं असतं, पण बायकांना भाजीपासून व्हिसापर्यंत विचारल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे आम्ही वाचतो.

मागून आवाज आला म्हणून वळून पाहिलं. सुधीर शेजारच्या नेपाळी माणसाला हिंदीत विचारत होते, भाईसाब, फिंतास के लिए कहाँ उतरना है? सव्वीस वर्षं राहतो तिथे कुठे उतरायचं, हे विचारत होते. त्या माणसाने नीट समजावून सांगितलं. सुधीरनी लिहून घेतलं नाही, नुसतं ऐकलं.

घरी आलो. मी बूट काढले, गुडघ्याला मलम लावलं आणि ओट्यापाशी गेले. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आत येईनात, जाईनातही. मग घसा खाकरून विचारलं, "तुझ्या शेजारची जागा अजून रिकामी असेल का गं?"

"बघते," मी म्हटलं. आणि आधी चहा टाकला.